‘याला काही व्हायचंच नाही’

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे : ‘काही माणसांत जिद्द का नसते?’ मी मानसशास्त्रज्ञ नाही. चौतीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री या ट्रेडला शिल्पनिदेशक होतो. म्हणजे मुलांना वायरिंग, मोटर, ट्रान्सफॉर्मर शिकवायचो. दर वर्षी प्रवेशाच्या वेळी कुणा ना कुणाचे वडील माझ्या टेबलापाशी यायचे. मुलगा मागे भिंतीला टेकून उभा. वडील म्हणायचे, ‘सर, याला काही व्हायचंच नाही. तुम्हीच काहीतरी करा.’ मुलगा खाली बघायचा. त्याला हे वाक्य नवीन नसायचं.

हे वाक्य मीही एका माणसाबद्दल वीस वर्षं बोलत होतो. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. आजचं बोलणं मला तिथूनच सुरू करावं लागेल, नाहीतर ते खोटं होईल.

आम्ही इचलकरंजीचे. अब्बा दुसऱ्याच्या कारखान्यात चार माग चालवायचे. १९८० साली त्यांचा उजवा हात मागात सापडला आणि दोन बोटं गेली. तेव्हा मी नुकताच आयटीआयला लागलो होतो. भाऊ आठवीत होता, चौदा वर्षांचा. घरात बैठक बसली नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो कांड्या भरायला जायला लागला. मी आयटीआयला जात राहिलो. माझी फी, एसटीचा पास, ड्रॉइंगचं सामान, सगळं त्याच्या कांड्यांतून आलं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं.

भाऊ हुशार होता. पाळी संपली की एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढायची, वेढे मोजायचे, नवीन कॉइल भरायची, वॉर्निश मारायचं. आम्ही आयटीआयत जे वहीत काढत होतो ते त्याच्या बोटांत होतं. एका मोठ्या कारखान्यात वायरमनची जागा निघाली तेव्हा त्यानं अर्ज केला. सर्टिफिकेट नाही म्हणून परत पाठवलं. १९९१ साली त्यानं स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं आणि कर्जासाठी एका बँकेत गेला. अकरा चकरा मारल्या. कधी साहेब नाहीत, कधी फॉर्म संपले. घराचे कागद मागितले, वस्तीतल्या घराला कागद कुठले? शेवटी सांगितलं, सरकारी नोकरीतला जामीनदार आणा.

तो माझ्याकडे आला. मी सरकारी नोकरीत होतो. माझं लग्न झालेलं, मलाही घर बांधायचं होतं, मलाही कर्ज हवं होतं. मी ‘नाही’ म्हणालो नाही. मी म्हणालो, ‘बघू.’

तो पुन्हा विचारायला आला नाही. फाईल परत आली. त्यानंतर त्यानं कुठं अर्ज केला नाही. पाळी करायची, जेवायचं, चौकात बसायचं. आणि मी ईदला घरी गेलो की सगळ्यांसमोर त्याला भाषण द्यायचो : ‘माणसात काही जिद्द पाहिजे. तुला काही व्हायचंच नाही.’ एकदा तो एवढंच म्हणाला, ‘रहने दे भाई, तू शिकलेला आहेस.’ मला वाटलं, बघा, उत्तरसुद्धा द्यायची इच्छा नाही.

आता तुम्ही मला सांगा, माझ्या भावात जिद्द नव्हती का?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मग मी जरा वाचायला लागलो. त्यातल्या दोन-तीन गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो, कारण आळस, नशीब आणि ‘आपली कौमच अशी’ या तीन शब्दांत आपण फार मोठं सत्य गुंडाळून ठेवतो.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून जे कळलं ते महत्त्वाचं आहे. कुत्र्यांना विजेचे झटके दिले. एका गटातल्या कुत्र्यानं डोक्यानं एक पट्टी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ, पण त्यांनी काहीही केलं तरी थांबायचे नाहीत. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटातले उडी मारून गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक पडून राहिले. सुटकेची वाट समोर होती, पण त्यांनी प्रयत्नच केला नाही. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. पुढची कमी सांगितली जाते. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आमचा सिद्धांत उलटा होता. मधल्या काळात मेंदूवर जे संशोधन झालं त्यावरून दिसलं की लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट : ‘मी काही केलं तर फरक पडतो.’ म्हणजे असहायता आयतीच मिळते, ताबा शिकावा लागतो.

माझ्यासारख्या मास्तराला हे वाक्य वाचून झोप लागली नाही. कारण आम्ही मुलांकडे उलट्या बाजूनं बघत होतो. आम्ही समजत होतो की जिद्द प्रत्येकात जन्मतः असते आणि आळशी पोरं ती मारून टाकतात. खरं असं दिसतं की जिद्द ही सुद्धा वायरिंगसारखी शिकायची गोष्ट आहे, आणि ती शिकायला बटण दाबल्यावर दिवा लागलेला निदान काही वेळा बघावा लागतो. माझा दिवा प्रत्येक वेळी लागला. आयटीआय झाली, नोकरी लागली, कर्ज मिळालं. भावाचा शाळेत लागला नाही, कारखान्यात लागला नाही, बँकेत लागला नाही. शेवटचं बटण त्यानं माझ्या घरात दाबलं होतं.

दुसरी गोष्ट. आपण म्हणतो, गरिबाला पुढचा विचारच करता येत नाही. २०१३ मध्ये तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात तंगीत असताना, आणि तोडणीनंतर पैसे हातात आल्यावर कोडी सोडवायला दिली. माणूस तोच, पण तंगीत त्याला कोडी कमी सुटली. आम्ही ऊसपट्ट्यातले, आम्हाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. उद्याच्या उधारीचा हिशेब डोक्यात चालू असेल तर पाच वर्षांनंतरच्या आयुष्याला जागा कुठून मिळणार? ज्याला आपण ‘जिद्द नाही’ म्हणतो, त्याची सगळी जिद्द घर चालू ठेवण्यातच खर्च होत असते. चौदा वर्षांच्या पोरानं रात्रपाळीत कांड्या भरून एक घर आणि एक भाऊ उभा केला. ती जिद्द नव्हे तर काय? ती फक्त त्याच्या नावावर जमा झाली नाही.

अब्दुल कलाम यांचं नाव आपण मुलांसमोर सारखं घेतो. रामेश्वरमचा पेपर वाटणारा मुलगा राष्ट्रपती झाला. पण मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा फीला पैसे नव्हते आणि त्यांच्या बहिणीनं आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली, हे कलामांनी स्वतः आत्मचरित्रात नोंदवलं आहे. आपण मुलांना कलाम सांगतो, बहीण सांगत नाही. म्हणून मुलांना वाटतं, मोठं होणं हा एकट्याच्या छातीतला मामला आहे. प्रत्येकाच्या मागं कुणीतरी जामीन राहिलेला असतो. ज्याच्या मागं कुणी राहिला नाही, त्याला आपण आळशी म्हणतो.

आता आपल्या समाजाबद्दल बोलतो, कारण तुमच्या मनात ते आहेच. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आकडे आहेत. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांची ५९.१ टक्के. सहा ते चौदा वयाची आपली चौथाई मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच सुटली होती. लोक म्हणतात, यांना मदरसाच हवा असतो. त्याच अहवालानं सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी साधारण तीन-चार टक्केच आहेत. मग बाकीची कुठं जातात? माझ्या भावासारखी कांड्या भरायला जातात, गॅरेजला जातात, हातगाडीवर जातात.

आणि शिकून पुढे गेल्यावर काय होतं? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक पाहणी छापली. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाला जेवढी बोलावणी आली, त्यापेक्षा दलित नावाला कमी आली आणि मुस्लिम नावालाही कमी आली. म्हणजे ‘शिकून काय उपयोग’ असं म्हणणारा बाप मूर्ख नसतो. त्यानं काहीतरी पाहिलेलं असतं.

पण मित्रांनो, इथं थांबलो तर मी तुमची फसवणूक करीन. कारण सगळी बटणं बाहेरच्यांनीच बंद केलेली नाहीत. ‘आपल्यात असं नसतं’, हे वाक्य कोण बोलतं? दहावीला चांगले मार्क मिळवलेल्या मुलीला ‘आता बस झालं’ असं कोण सांगतं? अर्ज भरायच्या दिवशी ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून कोण झोपून राहतं? आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. आपण भरवसा ठेवतो, उंट बांधायचं विसरतो. आणि बँकेनं माझ्या भावाची फाईल परत पाठवली हे खरं, पण ‘बघू’ बँक म्हणाली नव्हती. ते त्याच्या सख्ख्या भावानं म्हटलं होतं.

मुलींसाठी मुद्दाम एक गोष्ट सांगतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथं तेव्हा एक तृतीयांश ग्रामपंचायतींचं प्रधानपद बायकांसाठी राखीव असायचं आणि गावांची निवड चिठ्ठी काढल्यासारखी व्हायची. ज्या गावांत सलग दोनदा बाई प्रधान झाली, तिथं मुलगा आणि मुलगी यांच्या स्वप्नांमधलं अंतर किशोरवयीन मुलांत ३२ टक्क्यांनी कमी झालं आणि शिक्षणातलं अंतर नाहीसं झालं. त्या मुलींना कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. त्यांनी रोज एक बाई खुर्चीत बसलेली बघितली, बस्स.

आणखी एक. एखादी मुलगी, एखादा मुलगा दिवसभर पडून राहतो, कशातच रस नाही, तर सगळ्याच वेळी कारण समाजात शोधू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. ज्या मुलीला जिना चढताना धाप लागते तिला ‘जिद्द नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. आधी हिमोग्लोबिन तपासा. आणि आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टर आहेत, सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. उपदेशानं पंडुरोग जात नाही आणि उदासीनताही जात नाही.

आणि हो, प्रत्येकानं मोठं व्हायलाच पाहिजे असंही मी म्हणत नाही. मोबाईलवर रोज कुणीतरी ओरडत असतं, पहाटे चारला उठा, करोडपती व्हा. एखादा माणूस छोट्या दुकानात सुखी असेल, मुलंबाळं, नमाज, शेजार यात त्याचं मन भरत असेल, तर तो कमी नाही. एकच प्रश्न विचारायचा : हे त्यानं निवडलंय की त्याच्यावर येऊन पडलंय? निवडलं असेल तर ते समाधान. येऊन पडलं असेल आणि तो त्याला समाधान म्हणत असेल, तर तिथं आपलं काम आहे.

ते काम कसं करायचं? मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये मांडलं की आकांक्षा धरणं ही एक क्षमता आहे, आणि गरिबाला कमी मिळतो तो तिचा सराव. त्यांनी हे मुंबईच्या झोपडपट्टीतल्या लोकांचं काम बघून लिहिलं. त्या कामात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची ‘महिला मिलन’ होती. त्यांनी सुरुवात कशानं केली? रोजच्या चार पैशांच्या बचतीनं. आधी बचत, मग हिशेब, मग घराचं बोलणं. सराव म्हणतात तो हाच.

माझ्या वर्गातही मी उशिरा का होईना हेच करायला लागलो. पहिल्या आठवड्यात थिअरी नाही. प्रत्येकानं एक टेस्ट लॅम्प बनवायचा आणि घरी न्यायचा. एक मुलगा होता, तोच भिंतीला टेकून उभा राहणारा. त्याच्या शेजारच्या खालाचा पंखा हळू फिरायचा. त्यानं मेन स्विच बंद केला आणि अडीच मायक्रोफॅराडचा कपॅसिटर बदलला. पंखा जोरात फिरला. सोमवारी तो पोरगा वर्गात पहिल्या बाकावर बसला. मी त्याला एक शब्दही समजावला नव्हता. पंख्यानं समजावलं.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली : चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुला काय व्हायचंय’ हे विचारणं थोडे दिवस बंद करा. ‘या आठवड्यात तू काय दुरुस्त करशील, काय पूर्ण करशील’ हे विचारा. दुसरी : कलामांबरोबरच त्याला गल्लीतला असा कुणी दाखवा जो त्याच्यापेक्षा फक्त दोन पायऱ्या पुढे आहे. नर्सिंगला गेलेली आपा, तलाठ्याची परीक्षा देणारा भाईजान. पुढची पायरी दिसली की पाय उचलतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : सोबत जा. त्या कुत्र्यांची गोष्ट मी अर्धी ठेवली होती. जे पडून राहिले होते त्यांना नंतर हाका मारल्या, खायचं दाखवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी पट्टा बांधून पुन्हा पुन्हा कुंपणापलीकडे ओढून न्यावं लागलं. बऱ्याच वेळा ओढल्यावर एक वेळ अशी आली की ते आपले आपण गेले. भाषण म्हणजे लांबून मारलेली हाक. मीही आत्ता तेच करतोय. ज्याचा फॉर्म परत आलाय त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन रांगेत उभं राहणं, हे खरं काम.

निवृत्तीनंतर मी वस्तीतल्या एका खोलीत रविवारी मुलांना मोटरीचं काम शिकवतो. गेल्या वर्षी भावाला म्हणालो, वायंडिंग तू शिकव, मला तुझ्याइतकं येत नाही. तो म्हणाला, ‘बघू.’ मला कळलं हा शब्द कुठून आला. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, पुन्हा ‘बघू’. तिसऱ्या रविवारी मी स्कूटर घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. एक हॉर्सपॉवरची मागाची मोटर होती, जळालेली. त्यानं चष्मा लावला, वेढे मोजले, मुलांना मोजायला लावले. दोन तास. मुलं त्याला सर म्हणत होती. मोटर फिरली तेव्हा तो हसला नाही, फक्त हात पुसत राहिला.

घरी सोडताना मी त्याला १९९१ ची गोष्ट काढून माफी मागितली. तो म्हणाला, ‘जाऊ दे भाई.’ एवढ्यानं तीस-बत्तीस वर्षं भरून येत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे, मलाही. पण उतरताना त्यानं विचारलं, ‘पुढच्या रविवारी किती वाजता?’

तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी असेल ज्याच्याबद्दल तुम्ही ‘याला काही व्हायचंच नाही’ म्हणता, तर आज घरी जाऊन त्याला उपदेश करू नका. त्यानं कुठली बटणं दाबून बघितली होती, ते विचारा. आणि त्यातलं एखादं तुमच्या घरातलं होतं का, तेही बघा.